जर-तरची वही

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टात मी लिस्बनहून कोरूशला गेलो.
बसमध्ये मांडीवर निळी वही,
अंगात सत्ताविसाव्या वर्षाची खात्री
की माणसाला जे येतं ते सांगता येतं,
सांगता येतं ते लिहिता येतं,
आणि लिहिलेलं मशीनला घोटवता येतं.

गोदामात फेलिज्मिना,
भोवती बुचाच्या फळ्या, ओकची साल उकळून सपाट केलेली.
एक उचलायची, पाठ बघायची, पोट बघायचं,
अंगठा फिरवून ढिगावर टाकायची :
पहिली प्रत, तिसरी, पाचवी, भुगा.
दोन सेकंद. फार तर अडीच.

कशावरून, मी विचारायचो.
बघ ना, ती म्हणायची.
काय बघू?
फळी.

तरी मी खणत राहिलो.
जर छिद्रं बारीक आणि पोट गुळगुळीत, तर दुसरी प्रत.
जर कडेला हिरवट ओल, तर बाजूला.
जर मुंग्यांचं भुयार, तर
(इथे ती बराच वेळ थांबली)
ते कुठून कुठे गेलंय त्यावर आहे.
अपवाद, अपवादाच्या पोटात अपवाद,
ऑक्टोबर संपेपर्यंत चारशे बारा नियम.

छान दिसायचे ते.
छिद्र, ओल, कड, भुयार, जो तो आपल्या खुंटीला.
चूक झाली तर कुठल्या ओळीत
ते बोट ठेवून दाखवता यायचं.
ते सुख मी आजही नाकारणार नाही.

शंभरातल्या एकसष्ट फळ्या मशीनने बरोबर लावल्या.
फेलिज्मिनाने वही वाचली, सावकाश, ओठ हलवत.
म्हणाली, सगळं खरं आहे.
पण मी असं करत नाही.

यंदा त्याच गोदामात माझी भाची इओलांदा.
वही नाही. पट्टा, कॅमेरा, नव्वद हजार फोटो,
प्रत्येकाखाली फक्त प्रत, कारण कुठेच नाही.
जाळं आधी नुसतं चाचपडलं.
दर चुकीला आतले लाखो स्क्रू
केसभर सैल, केसभर घट्ट.
आता शंभरातल्या चौऱ्याण्णव.

मी विचारलं, यात ‘छिद्र’ कुठे ठेवलंय?
कुठेच नाही, मामा.
आणि सगळीकडे, थोडं थोडं.
तिने माझ्यासमोर दहातला एक धागा तोडून टाकला.
काहीच मेलं नाही.
नजर जराशी अधू झाली, इतकंच.
माझी एक ओळ खोडली असती
तर पाचवी प्रत जगातूनच गेली असती.

मग मुकादमाचा कुत्रा पट्ट्यावर चढला.
पडदा म्हणाला : तिसरी प्रत, खात्री सत्त्याण्णव टक्के.
आम्ही हसलो. मी अंमळ जास्तच.
वहीला कुत्रा कळला नसता,
पण कळत नाही, एवढं तरी ती म्हणाली असती.

संध्याकाळी रानात गेलो.
सोललेल्या तांबड्या खोडांवर पांढरा आकडा, चार.
चोवीस साली साल काढली, आता तेहतिसात.
कुणीही वाचावं, बोटांवर मोजावं.
सालीला मात्र आकडा ठाऊक नाही.
तिच्यात दुष्काळ, रेताड जमीन,
शेजारच्या झाडाची सावली, अंग घासून गेलेली डुकरं,
सगळं एकात एक दाबलेलं.
सुटं करायला जावं तर बूच उरत नाही.

परतताना ढिगातली एक फळी उचलली.
पाठ, पोट, अंगठा.
तिसरी, मी म्हणालो.
कशावरून?
बघ ना.

इओलांदाने ती पट्ट्यावर ठेवली.
चौथी, पडदा म्हणाला.
आम्ही दोघं फळीकडे बघत राहिलो.
कोण चुकलं ते सांगणारी
सतरा वर्षांपूर्वी सोरायाकाठच्या दफनभूमीत गेली,
आणि वहीत तर
या फळीला लागू पडेल असा
एकही जर नव्हता.